महादजी शिंदे आणि त्यांचे कंपू

ग्वाल्हेरच्या लश्करात राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या पत्त्यात कंपू हा शब्द येतो. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे तो वाचून गालात हसतात, कारण तिकडच्या बोलण्यात कंपू म्हणजे आपापसांत कुजबुजणारे टोळके. आपल्याकडे मात्र हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या शेजारीच राहिला. अडीचशे वर्षांपूर्वी कंपू म्हणजे पायदळ, तोफा, थोडे घोडदळ आणि सगळा लवाजमा मिळून एकट्याने लढाई लढू शकेल असा कवायती फौजेचा एक पुरा भाग. आजच्या भाषेत ब्रिगेड. हे कंपू ज्यांनी उभे केले त्या महादजी शिंद्यांचे चरित्र आपल्या घरांतून पुष्कळदा सांगितले जाते. पण त्यात पानिपत, दिल्ली आणि पुण्याचा दरबार एवढेच येते. फौज कशी बांधली आणि ती बांधताना काय राहून गेले, हे बहुधा मागे पडते. म्हणून यंदा आम्ही त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगायचे ठरवले.

महादजींचा जन्म साधारण १७३० सालचा. वडील राणोजी शिंदे हे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे पाटील. बाजीराव पेशव्यांच्या पदरी चढत चढत ते माळव्याच्या मोठ्या सरदारांपैकी एक झाले आणि त्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. भावंडांत महादजी धाकट्यांपैकी. घराणे रणात अक्षरशः झिजले. जयाप्पा १७५५ साली नागौरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून गेले, दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले, आणि पुढच्याच वर्षी पानिपतानंतर जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजीही मारला गेला.

त्या काळची मराठी फौज कशी होती हे इथे सांगायला हवे, नाहीतर महादजींनी काय बदलले ते कळणार नाही. शिवाजी महाराजांच्या वेळची रचना आखीव होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पायदळात नऊ पाइकांवर नाईक. सभासदाने ही मोजणी देताना आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आम्हांला फार बोलकी वाटते: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी कोण आणणार आणि घोड्याची नाल कोण ठोकणार, हे लढाईआधीच ठरलेले. घोडा सरकारचा, पगार सरकारचा, त्यामुळे माणूसही सरकारचा. पेशवाईत मुलूख वाढला आणि हे मागे पडले. सरदाराला सरंजाम द्यायचा, त्याने त्या उत्पन्नातून आपले पथक ठेवायचे, हाक आली की घेऊन यायचे. पथकात आपल्या घोड्यावर चाकरी करणारे शिलेदार, मागे बुणगे आणि लुटीवर जगणारे पेंढारी. हजेरीच्या कागदावर किती स्वार आणि रणांगणात किती, याचा मेळ क्वचितच बसे. शिपाई ओळखायचा तो आपल्या सरदाराला. त्याच्या वर पेशवा आहे हे त्याला ऐकून माहीत. चपळ गनिमी लढाईला ही व्यवस्था छान होती. मोकळ्या मैदानात, दिवसभर एका जागी उभे राहून लढायचे असेल तर ती कच्ची पडे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नेमके तसेच लढायचे होते. भाऊसाहेबांनी गोलाची लढाई आखली: तोफा आणि इब्राहीमखान गारद्याच्या कवायती पलटणी पुढे, घोडदळ बाजूंना, बायका-मुले आणि यात्रेकरू मध्ये, आणि सगळ्यांनी घडी न मोडता दिल्लीच्या दिशेने सरकायचे. गारद्यांना हे जमत होते, कारण त्यांचे शिक्षणच तसे. पण त्यांच्या शेजारच्या स्वारांनी असे लढणे कधी केलेच नव्हते. विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाडांचे स्वार रांग सोडून पुढे घुसले. गारद्यांच्या बंदुका आणि तोफा त्यांच्याआड आल्या, आणि स्वार मागे रेटले गेल्यावर गारदी उघडे पडले. शौर्याची त्या दिवशी कोणत्याच बाजूला उणीव नव्हती. एकाच फौजेत लढण्याच्या दोन तऱ्हा होत्या आणि त्यांना सांधणारा दुवा नव्हता, असे आम्हांला वाटते. तिशीतले महादजी त्या फौजेत होते.

पळताना एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला, पायावर घाव घालून त्यांना कायमचे अधू केले. राणेखान नावाच्या पखालजीने आपल्या बैलावर घालून त्यांना दक्षिणेकडे आणले, असे सांगतात. महादजींनी पुढे राणेखानाला भाऊ मानले आणि सेनापतीही केले. नुसत्या उपकाराची फेड म्हणून नव्हे; राणेखान खरोखर चांगला सेनानी निघाला.

शिंद्यांची सरदारी महादजींना सहज मिळाली नाही. त्यांच्या जन्मावरून हरकती निघाल्या, दुसरे दावेदार पुढे आले, आणि १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी निकाल दिल्यावरच ते घराण्याचे प्रमुख झाले. त्यानंतर १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी शाहआलम बादशहा आपल्या राजधानीत परतला. हे सारे जुन्याच धाटणीच्या घोडदळावर झाले.

डोळे उघडले ते इंग्रजांशी गाठ पडल्यावर. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना घेऊन मुंबईची इंग्रज फौज बोरघाट चढून आली. मराठ्यांनी वैरण-पिके जाळली, रसद तोडली आणि वडगावला तिला तह करायला लावला. जिंकले मराठेच. पण माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेची पिछाडी कॅप्टन हार्टलीच्या हिंदी शिपायांनी कशी सांभाळली हे महादजींनी जवळून पाहिले. माणूस पडला की मागचा त्याच्या जागी, रांग तशीच. ते शिपाई आपल्याच मुलखातले, आपल्याच रक्तामांसाचे. फरक होता तो त्यांच्या बांधणीत. त्याच सुमारास गॉडर्ड बंगालची फौज घेऊन काल्पीहून निघून मध्य हिंदुस्थानातून थेट सुरतेला पोचला. आणि १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमच्या थोड्या शिपायांनी एका रात्रीत शिड्या लावून आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. ज्याच्याखाली आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तो अजिंक्य समजला जाणारा किल्ला! पुढच्या वर्षी कॅमॅकनेही रात्रीचा छापा घालून महादजींना तडाखा दिला. मग १७८२ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला तह झाला. त्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यामधले मध्यस्थ आणि जामीन म्हणून महादजी उभे राहिले, आणि त्यांचे वजन एकदम वाढले. १७८३ मध्ये किल्लाही गोहदच्या राण्याकडून परत आला.

त्या किल्ल्याच्या वेढ्याच्या वेळीच डी बॉयन हे नाव महादजींच्या कानी पडले. सॅव्हॉय प्रांतातला हा माणूस फ्रेंच, रशियन आणि मद्रासच्या कंपनी फौजेत चाकरी करून नशीब काढायला उत्तरेत आला होता. मराठ्यांच्या छावणीतल्या लोकांनी त्याचे सामान लुटले म्हणून चिडून त्याने गोहदच्या राण्याला वेढा उठवण्याची मसलत पाठवली. राण्याने ती नाकारली, पण तिची बातमी महादजींपर्यंत गेली. दुसरा कोणी असता तर त्या माणसाचा काटा काढला असता. महादजींनी १७८४ मध्ये त्याला नोकरीला ठेवले. करार साधा: त्याला महिना हजार रुपये, आणि प्रत्येकी सुमारे साडेआठशे माणसांच्या दोन पलटणी उभ्या करायच्या, माणशी आठ रुपयांच्या हिशेबाने. त्यातून डी बॉयन शिपायाला साडेपाच रुपये देई आणि उरलेल्यातून अधिकाऱ्यांचे पगार भागवी. साडेपाच रुपये म्हणजे फार नव्हे. पण ते वेळेवर मिळत.

त्याच वर्षाअखेर बादशहाने महादजींना वकील-इ-मुतलक केले. पद पेशव्यांच्या नावे आणि कारभार महादजींकडे, अशी ती योजना. हिंदुस्थानच्या बादशाहीची सूत्रे हाती आली आणि तिच्याबरोबर रिकामा खजिना, रुसलेले मोगल सरदार आणि खंडणी न देणारे राजपूत राजेही आले.

१७८७ च्या पावसाळ्यात लालसोटाजवळ जयपूर-जोधपूरच्या फौजांशी सामना झाला. मोगल सरदार हमदानी आधीच शत्रूला मिळाला होता. तो लढाईत पडला, पण त्याचा पुतण्या इस्माईल बेगने जागा भरून काढली. राठोडांचे स्वार डी बॉयनच्या दोन पलटणींवर तुटून पडले आणि त्या हलल्या नाहीत. खरा घात दोन-तीन दिवसांनी झाला. बादशाही पलटणींचे पगार थकले होते. त्या आपल्या तोफांसकट उठल्या आणि सरळ शत्रूच्या छावणीत गेल्या. महादजींना सारे सोडून मागे हटावे लागले, आणि ही माघार पार पाडली ती पगार मिळालेल्या त्या दोन पलटणींनी. पुढचे वर्ष फार वाईट गेले. आग्ऱ्याचा किल्ला लखबादादा लाडांनी वेढ्यातही धरून ठेवला, जून १७८८ मध्ये आग्ऱ्याजवळ इस्माईल बेगचा पराभव झाला. पण त्यानंतर गुलाम कादिर दिल्लीत शिरला आणि ऑगस्टमध्ये त्याने म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले. राणेखानाने दिल्ली सोडवली, गुलाम कादिर पकडला जाऊन मारला गेला. बादशहाची दृष्टी मात्र गेली ती गेलीच.

डी बॉयन मधल्या काळात नोकरी सोडून लखनौला व्यापार करत बसला होता. त्याला फौज वाढवायची होती आणि महादजी तेव्हा त्या खर्चाला तयार नव्हते. १७९० मध्ये त्यांनीच त्याला परत बोलावले, आणि या वेळी मागितला तो दहा पलटणींचा एक पुरा कंपू.

या कंपूची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पायाभूत घटक म्हणजे पलटण, सुमारे साडेसातशे माणसांची. पलटणीच्या कंपन्या, कंपनीत सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक अशी उतरंड, वर एकदोन युरोपीय अधिकारी. दहांपैकी सात पलटणी तिलंग्यांच्या, म्हणजे कंपनी सरकारच्या शिपायांसारखा पोशाख आणि बंदुका असलेल्या; तीन नजिबांच्या, तोडेदार बंदुका घेतलेल्या पठाणांच्या. प्रत्येक पलटणीला तिच्या स्वतःच्या चार-पाच तोफा, त्यांचे गोलंदाज, ओढायचे बैल आणि दारूगोळ्याच्या गाड्या. कंपूला याशिवाय मोठ्या तोफा, शिकवलेले काही घोडदळ आणि छावणीची राखण करायला मेवाती. आग्ऱ्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतून देई. जायबंदी शिपायाला निम्मा पगार आणि कसायला जमीन मिळे.

आजच्या सैन्यातही हाच भेद आहे. बटालियन ही युनिट. शिपाई आयुष्यभर तिचा असतो, आपले मराठे जवान अजूनही तिला पलटणच म्हणतात. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर या तिच्या वरच्या फॉर्मेशन. तिथे पायदळ, तोफा, रसद, इस्पितळ एका हुकमाखाली येतात. कामगिरी बदलली की ब्रिगेडमधली पलटण काढून दुसरी घालता येते. युद्धात सेनापतीला असे मोजता येणारे, नावाने हलवता येणारे भाग लागतात. महादजींच्या फौजेत आता ते होते. कुठला भाग कुठे आहे, किती माणसांचा आहे आणि त्याला किती दिवसांचे धान्य आहे, हे त्यांना कागदावर दिसत होते.

पैशाची तजवीज त्यांनी लालसोट विसरून केली नाही. अलीगडच्या आसपासचा दुआबातला मुलूख कंपूच्या खर्चासाठी लावून दिला आणि त्याची वसुली डी बॉयनकडेच सोपवली. पगार थकायला जागाच ठेवली नाही. या व्यवस्थेत एक फट होती, तिच्याकडे आपण पुढे येऊच.

२० जून १७९० ला पाटणला इस्माईल बेग आणि राजपुतांच्या फौजेचा मोड झाला, तोफांसह सारी छावणी हाती आली. १० सप्टेंबरला मेडत्याला राठोडांशी गाठ पडली. पहाटे कंपू त्यांच्यावर चालून गेला. रोहाँ नावाचा अधिकारी हुकूम नसताना आपल्या पलटणी घेऊन पुढे गेला, रांगेत खिंडार पडले आणि राठोड स्वार त्यात घुसले. पानिपतावर हेच झाले होते. पण इथे उरलेल्या पलटणींनी झपाट्याने चारी बाजूंना तोंड करून पोकळ चौकोन केला, मध्ये तोफा आणि जखमी. राठोड पुन्हा पुन्हा आले, मरेपर्यंत आले, चौकोन मात्र फुटला नाही. महादजी स्वतः त्या मैदानात नव्हते. पण हुकूम मोडला जाऊनही फौज मोडू नये, एवढी तिची घडी बसली होती, हे त्यांचेच श्रेय म्हणावे लागेल. घोडदळाचे जुने सरदारही या रचनेत त्यांनी बसवून घेतले होते. गोव्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, गोपाळराव भाऊ यांचे स्वार कंपूच्या बाजूंना राहत आणि शत्रू हटला की पाठलाग करत. पुढे असाच दुसरा कंपू आणि १७९३ मध्ये तिसरा उभा राहिला.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्याला गेले. बादशाही किताब आणि वस्त्रे सवाई माधवरावांना अर्पण केली, आपण मात्र पाटील म्हणूनच वावरले. दरबारात पेशव्यांचे जोडे हातात घेतले त्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पडद्यामागे नाना फडणिसांशी हिशेबाचा मोठा वाद चालला होता. उत्तरेतल्या मोहिमांवर झालेला खर्च महादजी मागत होते आणि नाना उत्तरेच्या वसुलीचा जमाखर्च मागत होते. दोघांनाही आपल्या परीने बरोबर म्हणता येईल. पण मुळात प्रश्न असा होता की हे कंपू कोणाचे? पेशव्यांच्या दौलतीचे, की शिंद्यांचे? नानांच्या कागदांत त्याला जागा नव्हती, आणि महादजींनीही तो सोडवला नाही.

महादजी पुण्यात असतानाच, १७९३ मध्ये, राजपुतान्यात लाखेरीच्या खिंडीत त्याचे उत्तर मिळाले. तुकोजी होळकरांनीही द्युद्रेनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून चार पलटणी तयार करवल्या होत्या. वसुलीच्या वाटपावरून दोन घराण्यांत जे धुमसत होते ते पेटले. डी बॉयनकडच्या दारूच्या गाड्यांचा स्फोट होऊन काही वेळ त्याची फौज गोंधळली, पण सावरली. होळकरांच्या चार पलटणी जागेवर उभ्या राहून जवळजवळ संपल्या. त्यांच्या ३८ तोफा गेल्या. परतताना होळकरांच्या फौजेने उज्जैन लुटले. आपल्या वाचकांत ग्वाल्हेरचे आहेत तसे इंदूरचेही आहेत, आणि या लढाईत कोणाचा विजय झाला हे लिहिताना आमचा हात अडखळतो. पेशव्यांच्या एकाच दौलतीतल्या सर्वांत चांगल्या शिकवलेल्या पलटणींनी एकमेकींना मारले. दोन्हींकडचे शिपाई आपापल्या पगारदात्याशी इमानाने वागले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत तापाने महादजींचा अंत झाला. तिथली शिंदे छत्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव चौदा-पंधरा वर्षांचा असताना गादीवर आला.

आता त्या फटीविषयी. कंपूचा पगार ज्या मुलखातून येई तो मुलूख कंपूच्या सरदाराच्याच हातात होता. महादजी आणि डी बॉयन यांचा एकमेकांवर विश्वास होता तोवर काही बिघडले नाही. डी बॉयन तब्येतीमुळे मायदेशी गेला आणि ती जागा पेराँकडे आली, तेव्हा अलीगडला जवळजवळ स्वतंत्र संस्थान तयार झाले. वरच्या जागा अजूनही युरोपीय अधिकाऱ्यांच्याच होत्या; सुभेदाराला कंपनीपलीकडे चढायला वाट नव्हती. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले. शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या आपल्या लोकांना इंग्रज सरकारने पगाराची हमी दिली आणि कंपूंतले बरेचसे अधिकारी निघून गेले. थोड्याच दिवसांत पेराँही गेला. राहिले ते शिपाई आणि गोलंदाज. असईला गोलंदाज आपल्या तोफांशेजारी कापले गेले. वेलस्लीला त्या विजयाची फार जबर किंमत मोजावी लागली. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर वर कोणी धनी उरला नसताना पलटणी शेवटपर्यंत लढल्या. एकेक घटक जसा बांधला होता तसा शाबूत होता. त्यांना एकत्र हलवणारी वरची जागा रिकामी होती.

१८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. तळ उठायचा होता, तो उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आला, पागनीस, बक्षी, फडणीस यांची घरे आली. त्या गावाला लोक लश्करच म्हणू लागले आणि त्यातल्या एका भागाला कंपू. महाराज बाड्याकडून तिकडे जाणाऱ्या टेंपोवर तो शब्द आजही रंगवलेला दिसतो.